डाळिंबी ठिपका

“ह्याचा चेंडू कुसळात जातच नाही कधी. आमचेच बरे जातात.”

रिसबूड भावजी माझ्या कानाशी पुटपुटले. पुटपुटले म्हणजे मला ऐकू यावं आणि पुढच्या सीटवर पोचू नये, इतपत. इकबालभाईंच्या जीपमध्ये मागे आम्ही दोघं, मध्ये गोल्फच्या पिशव्या, माझ्या मांडीवर पोह्यांचा डबा. पुढे इकबालभाई गाडी चालवत होते, त्यांच्या शेजारी तात्या सूर्यवंशी आणि कडेला आमचे हे, खिडकीवर कोपर टेकून. ह्यांनी काहीतरी सांगितलं आणि पुढचे तिघंही मोठ्यांदा हसले.

मी म्हटलं, “भावजी, पोहे गरम आहेत तोवर खाऊन घ्या.”

“कांदा नसलेले पोहे गरम काय आणि गार काय.”

हीसुद्धा त्यांची दर रविवारची तक्रार होती. आमच्या जैनांच्या घरात कांदा येत नाही हे त्यांना कॉलेजपासून माहीत होतं. तरी तक्रार करायचे आणि डबा पुसून परत द्यायचे. रिसबूड भावजी आता नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्या शोकसभेत जो तो उठला आणि त्यांच्या कटकटीचीच आठवण सांगून बसला. मला एक वेगळीच सांगायची होती, पण ती सभेत उभं राहून दोन मिनिटांत सांगण्याजोगी नव्हती.

ह्यांना मी नावाने कधी हाक मारली नाही. अहो, ऐकलंत का, बास. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात तसं बजावलं होतं आणि मला ते सोयीचंही वाटलं. आता लिहितानासुद्धा हाताला ‘हे’च येतं, त्याला इलाज नाही.

हे चौघं सांगलीला इंजिनिअरिंगला एका वर्गात होते. हे पंपांच्या कारखान्यात डिझाइनला, रिसबूड भावजी पाटबंधारे खात्यात, तात्यांचं बांधकामाचं काम, आणि इकबालभाईंनी पदवी घेऊन वडिलांचंच गॅरेज वाढवलेलं. बॅचला वीस वर्षं झाली म्हणून मेळावा भरला, तेव्हा परदेशातून आलेला एक वर्गमित्र जुन्या गोल्फस्टिकांचे दोन संच भेट देऊन गेला. देऊन गेला म्हणजे विमानात परत न्यायचा कंटाळा आला असावा. त्या स्टिका इकबालभाईंच्या गॅरेजमध्ये पडून होत्या. एकदा तात्यांनी त्यातली एक उचलून टायरला मारली आणि तिथून आमचा गोल्फ क्लब सुरू झाला.

मैदान म्हणजे बंद पडलेल्या सूतगिरणीचा माळ. तात्यांच्या ओळखीने परवानगी मिळाली. मुरुम, कुसळ, मध्ये मध्ये बाभळीची झुडपं, आणि एका टोकाला धूर न सोडणारी चिमणी. पुस्तकात चित्रं होती तसली हिरवळ तिथे देवानेही उगवली नसती. जिथे शेवटी चेंडू भोकात, म्हणजे ‘होल’मध्ये, घालायचा, तिथे ह्या लोकांनी वाळू पसरली आणि वारा ती उडवू नये म्हणून गॅरेजमधलं जळकं ऑइल तिच्यात कालवलं. काळपट तपकिरी गोल तयार झाले. लोकांकडे ग्रीन असतं, आमच्याकडे ब्राऊन होतं. प्रत्येकाचा खेळ झाला की फळीने वाळू परत सारखी करायची. माझ्या सगळ्या सुती साड्यांच्या काठाला तेव्हा ऑइलचा वास होता.

मी तिथे कशी? मी काही त्या कॉलेजची नव्हे, कुठल्याच कॉलेजची नव्हे. अकरावी झाले आणि लग्न झालं. पण चार इंजिनिअर एकत्र आले की प्रत्येकाला नियम करायचा असतो आणि वाचायचा कुणालाच नसतो. स्टिकांबरोबर नियमांचं इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचून काढलं. दुपारी दुसरं काही नसायचं, मूलबाळ नव्हतं. महिनाभरात भांडण झालं की “वहिनींना विचारा” असं सुरू झालं, आणि पुढे त्यांनी मला मानद सेक्रेटरीच करून टाकलं. मानद म्हणजे पोहे आपल्या घरचे.

पुस्तकात नव्हता असा एक नियम मात्र आमचा होता. चेंडू उचलायला, शोधायला आमच्याकडे कोणी माणसं नव्हती, आणि त्या कुसळात चेंडू गेला की गेला. म्हणून आळीपाळीने एकाने न खेळता पुढे जाऊन उभं राहायचं. चेंडू कुठे पडला ते पाहायचं, सापडला तर पांढरा रुमाल हलवायचा, हरवला तर लाल. पुढे जाणारा म्हणून त्याला सगळे पुढारी म्हणत. “आज पुढारी कोण?” असं विचारलं की तात्या म्हणायचे, “जो काम करत नाही आणि नुसता हात हलवतो तो.”

आणि चेंडू ओळखू यावा म्हणून ज्याने त्याने आपापली खूण केलेली. ह्यांच्या चेंडूला माझ्या नेलपॉलिशचा ठिपका असे. डाळिंबी रंग. माझ्या भाचीच्या लग्नात मी ती बाटली घेतली होती. नखांना दोनदा लावली असेल, बाकी सगळी चेंडूंनाच लागली.

आता डोळ्यांचं सांगते.

ह्यांचे वडील, माझे मामंजी, मी लग्न होऊन आले तेव्हा पूर्ण आंधळे होते. दिवसभर ओट्यावर बसायचे, काठी पायाशी. दुपारी उन्हाकडे तोंड करून बसलेले असले की त्यांना दिसतंय असंच वाटायचं. लहानपणी रोज सकाळी ह्यांनी त्यांना हाताला धरून बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला न्यायचं, हे ह्यांचं घरातलं काम. घरात सगळे सांगत की मामंजींचे डोळे ऑपरेशनने घालवले. बरे होते, चालत गेले, आणि पट्टी सोडली तेव्हा अंधार. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली होती की तिच्यात शंका काढायची जागाच उरली नव्हती.

मिरजेच्या डॉक्टरबाईंनी ती काढली. हे चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून गेले होते, मी बरोबर होते. बाईंनी बरीच तपासणी केली, मग विचारलं, “घरात कुणाला काचबिंदू?” ह्यांनी वडिलांचं सांगितलं. बाई म्हणाल्या, डोळे ऑपरेशनने गेले नसावेत, ऑपरेशनला उशिरा नेलं असावं. हा आजार दुखत नाही, लाल होत नाही. दिसणं कडेकडून आत मिटत येतं आणि माणसाला वाटतं, मला तर समोरचं स्वच्छ दिसतंय. तुमचं बरंच मिटलंय. थेंबांनी आता भागणार नाही.

“ऑपरेशनने गेलेलं परत येईल?” ह्यांनी विचारलं.

“नाही. उरलंय ते राहील.”

“उरलेलं तर आहेच की माझ्याजवळ,” हे म्हणाले. नमस्कार केला आणि उठले. उठताना कडेच्या स्टुलाला धडकले.

पुढे ऑपरेशन झालं, हे इथेच सांगून टाकते. उरलं होतं ते राहिलं. बांगडीतून बघावं, एवढं. ते तयार कसे झाले, एवढंच मला सांगायचं आहे.

कारण तेव्हा ते तयार नव्हते. थेंब मी घालायचे, तेवढे घालून घेत. स्कूटर मात्र आपण होऊन विकली, वर म्हणाले की पायी चालणं तब्येतीला चांगलं. डॉक्टरबाईंचं नाव काढलं की पेपर उलगडून बसत. मी चौघांतल्या तिघांना सांगितलं होतं. मित्रांचं ऐकतील, असं मला वाटलं.

मित्रांनी मैदानावर बघितलं ते असं, की पायाशी ठेवलेला चेंडू ह्यांना दिसतो. स्टिक अजून छान बसते, त्यांच्यात सर्वांत देखणा हात ह्यांचाच. चेंडू उडाला की मात्र तो कुठे गेला ते ह्यांना कळत नाही. ह्यांची पुढारी व्हायची पाळी आली की तात्या काहीतरी निमित्त काढून ती आपणच घेत. पुढारी रुमाल हलवायचा, हे त्या दिशेने जायचे आणि मग त्याच त्या जागी फिरत राहायचे. एका रविवारी दोन चेंडू असे हरवले. हरवले म्हणजे त्यांच्यापुरते. परत आल्यावर दारात जीपमधून उतरताना इकबालभाईंना म्हणाले, “पुढच्या वेळी मला घ्यायला नको येऊ. कारखान्यात काम वाढलंय.”

दोन दिवसांनी हे कारखान्यात असताना इकबालभाई आणि तात्या घरी आले. चहा झाला. तात्या वरच्या पंख्याकडे बघत बसले. इकबालभाई म्हणाले, “वहिनी, ती नखाला लावायची बाटली जरा द्या की. मग्या चेंडूला लावतो ती.”

आमच्या मगदूम आडनावाचं त्यांनी कॉलेजात मग्या केलेलं होतं.

“कशाला?”

“चार चेंडूंवर ठिपके करून ठेवतो. एक माझ्या खिशात, एक तात्याच्या. त्याचा नाही सापडला, तर बऱ्या जागेवर एक टाकून द्यायचा आणि तिथंच उभं राहायचं. तो सरळ आमच्यापाशी येतो, खाली बघतो, चेंडू आहे. संपलं.”

“आणि पुढे?”

“पुढं काय, जरा खुशीत येईल. माणूस खुशीत असला की ऐकतो, वहिनी. चार रविवार जाऊ देत, मग आम्हीच मिरजेला नेतो त्याला. नाहीतर आत्ता तो घरात बसला, की तुमच्या मामंजींच्या ओट्यावरच बसला समजा.”

मी आत गेले, बाटली आणून दिली. इकबालभाईंनी झाकण घट्ट आहे ना बघून ती शर्टाच्या खिशात ठेवली. गॅरेजच्या माणसाच्या खिशात ती बाटली इतकी विचित्र दिसत होती की तात्यांनासुद्धा हसू आलं.

हे खुशीत आले, यात खोटं नाही. त्या हिवाळ्यात हे जितके हसले तितके मी लग्नापासून पाहिले नव्हते. शनिवारी संध्याकाळी चेंडू धुऊन पुसून ठेवायचे, बूट घासायचे. चेंडू कधी झुडपात अडकायचा नाही, कधी कुसळात जायचा नाही. नेहमी बऱ्यापैकी मोकळ्या जागी मिळायचा. गोल्फमध्ये कच्च्या खेळाडूला सूट असते, जितका कच्चा तितकी जास्त, आणि खेळ सुधारला की ती कमी करत आणतात. त्याला हॅन्डिकॅप म्हणतात. तो हिशेब सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे होता. महिन्यामागून महिना ह्यांची सूट मी माझ्या हाताने खाली आणत होते. संक्रांतीपर्यंत क्लबात सर्वांत कमी सूट ह्यांची होती, म्हणजे पुस्तकाप्रमाणे सर्वांत चांगले खेळाडू हे.

आणि इकबालभाईंचा अंदाज इथे चुकला. खुशीत आलेला माणूस ऐकेना.

“डॉक्टरबाईंना म्हणावं, एकदा रविवारी या माळावर,” हे म्हणायचे. “ज्याला दिसत नाही त्याचा हॅन्डिकॅप खाली येतो होय? माझं मीच बरं करतोय. हवा, चालणं, मोकळं रान. बाबांना कुणी हे सांगितलं असतं तर.”

त्यांनी थेंब बंद केले. मी बाटली घेऊन उभी राहिले की हात वर करायचे, “ठेव, ठेव.”

एकदा मी विषय काढून पाहिला. विचारलं, की चेंडू लांब गेला की तो पडलेला दिसतो का तुम्हाला?

“दिसायला कशाला पाहिजे?” ते म्हणाले. “हाताला कळतं. बसला की कळतं कुठं जाणार ते.” आणि आपले दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले, जणू तिथे काही लिहिलेलं आहे. मी ते बघितले आणि भाजी निवडायला बसले.

रिसबूड भावजींना हे सगळं पहिल्यापासून मान्य नव्हतं. त्यांच्या खिशात ठिपक्याचा चेंडू कधी नसे. त्यांची पुढारी व्हायची पाळी आली की ते ह्यांचाच खरा चेंडू शोधून, जिथे असेल तिथेच, झुडपात तर झुडपात, बोट दाखवत. त्या रविवारी हे हरायचे आणि तडक जीपमध्ये जाऊन बसायचे. मग तात्यांनी युक्ती काढली. “रिशा, तुझा गुडघा दुखतो ना, तू नको पुढे पळू.” गुडघा चांगला होता. रिसबूड भावजींची पाळी बंद झाली आणि त्यांच्याजवळ फक्त कुरकूर राहिली. ह्याचा चेंडू कुसळात जातच नाही. ह्याला नेहमी सपाट जागा. सरळ अर्थाने ऐकणाऱ्याला वाटावं, हरतोय म्हणून जळतोय. हेही तसंच समजायचे, आणि त्यांना चिडवायचे.

एका दुपारी ते एकटेच आमच्याकडे आले. चप्पल काढली नाही, दारातच उभे.

“वहिनी, तुम्ही सांगा त्याला.”

“तुम्ही का नाही सांगत? तुम्ही कुणाची भीड ठेवत नाही.”

“म्हणूनच. मी बोललो की लोकांना तक्रार वाटते. आयुष्यभर तेच केलं ना.” चष्मा काढून त्यांनी शर्टाला पुसला. “तो म्हणेल, रिशा हरला म्हणून बोलतोय. तुमचं खरं वाटेल त्याला.”

मी म्हटलं, बघते. ते म्हणाले, बघू नका, सांगा. आणि गेले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

फेब्रुवारीत कोल्हापूरच्या कॉलेजचे माजी विद्यार्थी आमच्याशी सामना खेळायला यायचं ठरलं. त्यांचाही असाच हौशी क्लब होता. पत्र आलं, तारीख ठरली, आणि मग चौघांसमोर मी नियम वाचून दाखवत असताना तात्या मध्येच खोकले. दुसऱ्या क्लबाशी सामना असला तर आपला पुढारी आपल्यासाठी चालत नाही, समोरच्यांचा लागतो. दोन वर्षांपूर्वी, चोख खेळ व्हावा म्हणून तो नियम मीच सुचवला होता, आणि तेव्हा चौघांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

“आणि पहिला खेळाडू?” ह्यांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

“ज्याचा हॅन्डिकॅप सगळ्यांत कमी तो,” रिसबूड भावजी म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या आवाजात कुरकूर नव्हती.

मग आठवडाभर आमच्याकडे फोन. इकबालभाई म्हणायचे, पाऊस पडेल का हो? फेब्रुवारीत. तात्या म्हणाले, कोल्हापूरकरांना आधीच कानात सांगून ठेवू. रिसबूड भावजी म्हणाले, म्हणजे आता मग्याची गोष्ट परगावालाही सांगायची, फक्त मग्याला सोडून. ठरलं काहीच नाही. आमच्यात जे ठरवायचं असायचं ते नेहमी जीपमध्ये ठरायचं, आणि जीपमध्ये हे असायचे.

तो रविवार स्वच्छ उजाडला. कोल्हापूरकर एकसारख्या निळ्या टोप्या घालून आले. त्यांचे प्रमुख शिर्के म्हणून होते, दणकट, हसरे. उतरल्या उतरल्या त्यांनी ब्राऊनवर बोट फिरवून वास घेतला आणि म्हणाले, “कुठलं ऑइल वापरता? आमची वाळू उडते.” इकबालभाई खुलले. माझे पोहे वाटले गेले. शिर्क्यांनी कांदा नाही हे ओळखलं आणि तरी पुन्हा मागून घेतले. रिसबूड भावजी मात्र त्या दिवशी नुसता चहा प्यायले.

ह्यांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “बाबांना कधी खेळ म्हणून माहीत नव्हता बघ. सकाळी बस्ती, मग ओटा. त्यांनी मला असं बघायला हवं होतं.” आणि स्वतःच्या बोलण्यावर स्वतःच जरा थांबले.

पहिले दोन होल ठीक गेले. ह्यांचा चेंडू सरळ पडला, हेही सरळ चालत गेले आणि मिळाला. कोल्हापूरचा पुढारी नलवडे नावाचा सडसडीत गृहस्थ होता, रुमाल अगदी नीट हलवायचा. मला वाटलं, होईल पार. तात्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

तिसरा होल चिमणीकडचा. ह्यांनी मारला आणि ‘टक्’ असा गोड आवाज आला, चांगला बसल्याचा. आम्ही सगळ्यांनी चेंडू बघितला. वर गेला, डावीकडे झुकला आणि उघड्या मुरुमावर दोन टप्पे घेऊन थांबला. नलवडेंनी पांढरा रुमाल हलवला. आणि मग, पुढाऱ्याने करायचं तेच त्यांनी केलं. पुढच्या फटक्यासाठी आणखी पुढे चालत गेले.

आमचे पुढारी असं करत नसत. आमचे चेंडूपाशी उभे राहत.

हे रुमालाच्या दिशेने निघाले. ताठ, लांब टांगा टाकत, शिर्क्यांशी बोलत. चेंडू वाटेत होता. ताटात लिंबू ठेवावं तसा तांबड्या मुरुमावर उघडा. हे त्याच्या कडेने गेले. धोतराचा सोगा असता तर लागला असता, इतक्या कडेने. आणि तसेच पुढे नलवडेंपर्यंत पोचले.

“मागं, साहेब,” नलवडे म्हणाले. “मागं राहिला.”

हे हसले. “बोलण्याच्या नादात,” म्हणाले, आणि वळले.

मग ते शोधायला लागले. खाली मान घालून, जमिनीकडे बघत, छोट्या छोट्या फेऱ्यांत. आम्ही सगळे तिथे पोचलो होतो. चेंडू सगळ्यांना दिसत होता. डाळिंबी ठिपका वरच्याच बाजूला होता. हे एकदा त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले, डाव्या बुटाच्या बाहेरच्या अंगाला चेंडू, आणि समोरचं कुसळ स्टिकने बाजूला करून बघू लागले.

आधी शिर्क्यांना थट्टा वाटली. ते हसण्याच्या बेतात होते. मग त्यांनी आमचे चेहरे बघितले आणि टोपी काढून हातात धरली. चेंडू शोधायला पाच मिनिटं असतात, नंतर तो हरवला. वेळ बघायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी मनगट वर केलं आणि घड्याळ न बघताच खाली सोडलं.

तात्यांचा हात खिशात होता. खिशात काय आहे ते मला माहीत होतं. पण चेंडू समोर असताना दुसरा टाकणार कुठे, आणि कुणासमोर? इकबालभाई चिमणीकडे बघत होते.

“इथंच पडला ना रे?” हे म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही. “मला कळलं होतं हाताला. इथंच पाहिजे.”

मी रिसबूड भावजींकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं असावं. आता हा माणूस बोलणार. जे आम्हा कुणाला जमलं नाही ते तो हिवाळाभर दातांत धरून बसला होता, आणि त्याच्यापेक्षा स्पष्ट बोलणारं आमच्यात कुणी नव्हतं. मला वाटतं, आम्ही सगळ्यांनी ते काम त्यांच्यासाठीच ठेवलं होतं. ते एक पाऊल पुढे झाले. घसा साफ केला. चष्मा वर सरकवला.

“मग्या,” ते म्हणाले, “उजवीकडं बघ रे जरा. त्या बाभळीकडं. मला वाटतं, तिकडं गेला. कुसळात गेला असेल.”

त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. आजारी मुलाला औषधाबद्दल खोटं सांगताना आईचा असतो तसा.

“बघ, रिशा म्हणतोय तर,” हे म्हणाले. “त्याला माझा चेंडू कुसळात गेलेला बरोबर दिसणार.” आणि हसत हसत, चेंडूकडे पाठ करून, ते बाभळीकडे निघाले.

चालताना ते स्टिक पुढे टेकवत होते. मुरुमावर टक्, मग जरा थांबून, टक्. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. लग्न होऊन आले त्या घरात रोज पहाटे ओट्यापासून नळापर्यंत तो जायचा आणि परत यायचा, आणि मी चुलीपाशी बसून मामंजी कुठवर पोचले ते त्यावरून ओळखायचे. आता तो माझ्यापासून लांब लांब जात होता. आणि कुणीही, रिसबूड भावजीसुद्धा, त्याला थांबवणार नव्हतं. रिसबूड भावजींनी चष्मा काढला होता आणि शर्टाला पुसत होते, पुसतच होते.

मी दोन पावलं पुढे गेले. ‘अहो’ म्हटलं असतं तर त्या माळावरचे सगळेच पुरुष वळले असते.

“जयकुमार,” मी म्हटलं.

ते थांबले. एवढ्या वर्षांत माझ्या तोंडून त्यांनी ते नाव ऐकलं नव्हतं. ते वळले, पण मी उभी होते त्याच्या बऱ्याच उजवीकडे तोंड करून.

“जयकुमार, तिकडे जाऊ नका. चेंडू इथे आहे, तुमच्या पायाशीच होता. तुम्हाला दिसत नाही.”